इंग्रजीत 'दॅन'नंतर (than, 'पेक्षा') क्रियापद कधी गाळावं, कधी नाही

'आय ट्रस्ट मीना मोअर दॅन सीमा.' याचा अर्थ काय? सीमापेक्षा मीनावर माझा विश्वास जास्त, की सीमाचा मीनावर आहे त्यापेक्षा माझा जास्त? वाक्य दोन्ही सांगतं. घोळ होतो कारण सीमा कर्ता की कर्म, हे इंग्रजी नावावरून कळतच नाही. मराठीत 'सीमाचा', 'सीमावर' ही रूपं ते काम करतात.

म्हणून 'दॅन'नंतर गाळलेलं वाक्य आधी मनात पूर्ण करा. दोन अर्थ निघत असतील आणि सीमा कर्ता असेल, तर तिच्यानंतर सहायक क्रियापद ठेवा: 'दॅन सीमा डज'. सीमा कर्म असेल, तर अख्खं लिहा: 'दॅन आय ट्रस्ट सीमा'. शब्दयोगी अव्यय असेल, तर तेच पुन्हा घ्या: 'ही टॉक्स टू रवी मोअर दॅन टू अनिल'. एवढ्याशा 'टू'ने काम भागतं!

'दॅन आय' (I) आणि 'दॅन मी' (me) यांवर विसंबू नका. बोलताना लोक दोन्ही अर्थांनी हा इंग्रजी 'मी'च वापरतात.

सहायक क्रियापदाचा काळ तपासा: 'शी अर्न्स मोअर दॅन शी डिड इन २०२०', इथे 'डज' चुकेल.

'रवी इज टॉलर दॅन अनिल' मात्र तसंच राहू द्या. तिथे कर्मच नाही.