गाडीची बॅटरी बदलताना मी काय पाहिले

परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बॅटरीतील पाणी लवकर उडते आणि आतील प्लेटांची झीज वाढते. आमची गाडी सकाळी कण्हत सुरू होऊ लागली, तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी मी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासणी करून घेतली. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत होती, पण सेल्फ मारताच आकडा 9 च्या खाली घसरत होता, म्हणजे बॅटरीच कमजोर झाली होती. इंजिन चालू असताना मात्र 14.2 व्होल्ट मिळत होते, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर निर्दोष होता.

दुकानदार म्हणाला, "साहेब, 35 च्या जागी 45 एएच टाका, जास्त टिकेल." एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचे माप. मला ते पटले नाही. मोठी बॅटरी ट्रेमध्ये घट्ट बसेलच असे नाही आणि पॉझिटिव्ह टर्मिनल विरुद्ध बाजूला आले तर केबल पोहोचत नाही. म्हणून मूळ क्षमतेचीच, त्याच मांडणीची बॅटरी निवडली. वॉरंटीच्या मोठ्या आकड्यापेक्षा त्यातले किती महिने मोफत बदलून मिळते हे पाहिले, कारण उरलेल्या काळात केवळ किमतीत सूट मिळते. डब्यावरचा उत्पादनाचा महिनाही वाचला. गोदामात पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून कशाला घ्यायची?

जुनी बॅटरी दुकानातच दिली आणि तिची किंमत बिलातून वजा करून घेतली. बसवताना निगेटिव्ह केबल आधी काढून शेवटी जोडली आणि टर्मिनलांवर व्हॅसलीन लावले.