बडोद्यातलं बंद पडलेलं वडिलोपार्जित घर परत वापरात कसं आणायचं

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, कुठेही गल्लीत शिरा, कुलूप लावलेलं एक तरी घर दिसतंच. आजोबांच्या नावावर, वारस पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पसरलेले. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये साधारण 1 कोटी 10 लाख घरं रिकामी निघाली, आणि 2021 मध्ये केंद्राने मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट आणला तो पण मालकांनी न घाबरता अशी घरं भाड्याने द्यावीत म्हणूनच, पण तो नमुना कायदा आहे, राज्याने आपला केला तरच चालतो. आपल्या जुन्या घराशी सरकारचा संबंध खरं तर दोनच वेळा येतो, वेराबिल (म्हणजे घरपट्टी) आणि पडायला आलेल्या घराला पावसाळ्याआधी येणारी नोटीस. बाकी सगळं आपल्यालाच करायचं.

सगळे आधी मिस्त्रीला बोलावतात. नका बोलवू. आधी सिटी सर्वे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि नाव कोणाचं आहे ते बघा. गेलेल्या माणसाचं असेल तर मरणाचा दाखला, तलाटीकडचा पेढीनामा (म्हणजे सगळ्या वारसांची वंशावळ), आणि मग वारसाईची नोंद. पेढीनाम्यात आत्या आणि बहिणींची नावं आलीच पाहिजेत, लग्न झालं म्हणून सोडायची नाहीत, नंतर तिथेच अडतं. कोणाला हिस्सा सोडायचा असेल तर हक्क कमीचा दस्त रजिस्टर करावा लागतो, घरातल्या घरात कागदावर सही करून काही होत नाही. परदेशातल्या चुलतभावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी पाठवली तर ती इथे पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत स्टँप करून घ्या, हे भलेभले विसरतात. या सगळ्यात महिने जातात, वर्षही जातं, पण घर बंद राहतं ते बहुतेक याच कागदांमुळे, भिंतींमुळे नाही.

मग थकलेला वेरा आणि लाइट. मीटर पीडीसी झालं असेल, म्हणजे कनेक्शन कायमचं तोडलं असेल, तर जुनी बाकी भरूनच नवीन कनेक्शन मिळतं.

कार्पोरेशनची 264 ची नोटीस आली तर फेकू नका. कलम 1949 च्या म्युनिसिपल कार्पोरेशन अ‍ॅक्टमधलं, पडायला आलेल्या इमारतीचं. त्यात बहुतेक दुरुस्त करा, आधार द्या नाहीतर उतरवा असं असतं, म्हणजे दुरुस्तीचा रस्ता उघडा असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट घेऊन लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. गप्प बसलात तर कार्पोरेशन उतरवेल आणि खर्च तुमच्याकडूनच वसूल करेल.

आता मिस्त्री. सागवानी तुळई मधून छान दिसते, ती बघून खूश होऊ नका, तुळई भिंतीत जिथे शिरते ते टोक बघा, तिथेच ओल आणि वाळवी. स्क्रू ड्रायव्हर टोचा, खुपकन आत गेला तर टोक गेलं, पण अख्खी तुळई बदलायची गरज नसते, चांगला सुतार तेवढंच टोक कापून जोड देतो. चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायला मिस्त्री सांगणारच, ऐकू नका, ओल आत कोंडते आणि दोन पावसात पोपडे. चुनाच लावा. आणि खालचा पागडीवाला भाडेकरू असेल तर काम सुरू करायच्या आधी वकिलाला विचारा, तो 1947 च्या भाडे कायद्याखाली येतो, त्याला असाच काढता येत नाही.

विकायचं ठरलं तर आधी तो भाग अशांत धाऱ्यात आहे का ते विचारून घ्या, दंगलींमुळे अशांत जाहीर केलेल्या भागातल्या घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा 1991 चा कायदा आहे, जुन्या शहरातले बरेच भाग त्यात येतात, तिथे कलेक्टरची परवानगी घेतल्याशिवाय दस्त होत नाही. भाड्याने द्यायचं तर 11 महिन्यांचा करार करा, पोलिसात भाडेकरूची नोंद करा. आणि वेऱ्याची पावती जपून ठेवा, इन्कम टॅक्स काढताना भाड्याच्या रकमेतून भरलेला वेरा आधी वजा होतो आणि उरलेल्यावर दुरुस्तीसाठी 30 टक्के सरसकट सूट, तुम्ही खर्च केला असो वा नसो.