कोल्हापुरात पंचगंगेच्या पाण्याचा नमुना घेताना

घाटाच्या कडेला बाटली बुडवली, तर तपासणीत साचलेल्या निर्माल्याचं पाणी येतं, नदीचं नाही.

वाहत्या धारेत बाटली ३ वेळा विसळा. तोंड प्रवाहाकडे ठेवून वीतभर खोल धरा, बुडबुडे थांबले की पाण्याखालीच झाकण लावा. आत हवा राहिली की पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा फसवा येतो. तापमान आणि ऑक्सिजन किटने तिथल्या तिथे मोजा. बाकीसाठी बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.

आणि नेहमी जोडीने घ्या: एक जयंती नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला, एक खाली. एकट्या बाटलीवरून नाल्याने किती घाण आणली ते कळतच नाही.

जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही, काठोकाठ भरायचीही नाही.