नाशिकचा टॅक्सी व्यवसाय अ‍ॅपवर नेताना

दहा-पंधरा गाड्या बाळगून फोनवर बुकिंग घेणारा टॅक्सी व्यावसायिक अ‍ॅपचा विचार करू लागला की बहुधा आधी सॉफ्टवेअरचे दरपत्रक मागवतो. माझ्या मते सुरुवात बुकिंगच्या वहीपासून करावी. मागील तीन महिन्यांतील प्रत्येक भाड्याची वेळ, कोठून कोठे आणि गाडी पोहोचायला लागलेली मिनिटे मांडावीत. गाडी शिल्लक नसल्यामुळे नाकारलेल्या भाड्यांची नोंद फारसे कोणी ठेवत नाही. ती आजपासून ठेवावी, कारण गाड्या नेमक्या कोठे आणि केव्हा कमी पडतात हे तिच्यातूनच कळते.

या नोंदींतून साधारणपणे दोन वेगळे धंदे दिसतात. पहिला शहरातील लहान फेऱ्यांचा. तो गाड्यांच्या दाटीवर चालतो. वीस गाड्या पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत विखुरल्या, तर ग्राहकाला ताटकळावे लागते आणि तो पुन्हा अ‍ॅप उघडत नाही. त्याच गाड्या नाशिक रोड स्थानक, द्वारका, मुंबई नाका आणि कॉलेज रोड एवढ्याच पट्ट्यात, रेल्वेच्या वेळा धरून उभ्या केल्या, तर थोड्या गाड्यांतही सेवेचा भरवसा निर्माण होतो. म्हणून पहिले सहा महिने पट्टा लहान ठेवावा. पट्ट्याबाहेरच्या ग्राहकाला सेवा नसल्याचे अ‍ॅपने स्पष्ट सांगावे. बुकिंग घेऊन ऐनवेळी रद्द करण्याइतके नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही.

दुसरा धंदा त्र्यंबकेश्वर, शिर्डी, वणी आणि मुंबई येथील भाड्यांचा. येथे खरा शत्रू रिकामी फेरी आहे. त्र्यंबकेश्वरला प्रवासी सोडून गाडी रिकामी परतते, इंधन मात्र दोन्ही बाजूंचे जळते. म्हणून मालक अप-डाउनचा दर लावतो आणि एकाच बाजूने जाणारा प्रवासी एसटीकडे वळतो. अ‍ॅपमध्ये चालकाला ‘परतीच्या वाटेवर’ असे कळवण्याची सोय ठेवावी, त्यानंतर त्याला केवळ नाशिकच्या दिशेची भाडी दिसावीत आणि ती कमी दराने विकावीत. एखाद्या लहान कंपनीला अ‍ॅपमुळे सर्वाधिक लाभ होईल तो याच ठिकाणी, असे मला मनापासून वाटते. श्रावणी सोमवारी आणि २०२७ च्या सिंहस्थात वाहतूक वळवली जाते, तेव्हा गाडी रामकुंडापर्यंत किंवा मंदिरापर्यंत पोहोचणार नाही. अशा दिवसांसाठी बंदीच्या हद्दीबाहेर चढण्या-उतरण्याच्या ठरावीक जागा अ‍ॅपमध्ये आधीच भरून ठेवाव्यात.

कायद्याच्या बाबतीत घाई करू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अ‍ॅपद्वारे प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणाऱ्याला कलम ९३ खाली परवाना लागतो. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वतःची गाडी चालवणाऱ्या चालकाला भाड्याच्या किमान ८० टक्के रक्कम मिळाली पाहिजे. राज्याचे चालू नियम परिवहन विभागाकडून लेखी घ्यावेत. जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) मुळे अशा फेऱ्यांवरील कर भरण्याची जबाबदारी अ‍ॅप चालवणाऱ्यावर येते, त्यामुळे दर ठरवण्यापूर्वीच सनदी लेखापालांना बरोबर घ्यावे. परमिट, फिटनेस, विमा, चालकाचा बॅज, गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण यांची तपासणी केल्याशिवाय कोणतीही गाडी जोडू नये.

सॉफ्टवेअर सुरुवातीला मासिक भाड्याने घ्यावे. चालकाला दिसणारा अ‍ॅपचा पडदा मराठीत असावा, आणि कसारा घाटात नेटवर्क गेले तरी चालू फेरीचे अंतर नोंदले जाते का, याची चाचणी स्वतः गाडीत बसून घ्यावी.

चालकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जुन्या चालकाकडे स्वतःचे ग्राहक असतात आणि अ‍ॅप ते हिरावून घेईल ही त्याची भीती रास्त आहे. बंगळुरूच्या ‘नम्मा यात्री’ या रिक्षा-टॅक्सी अ‍ॅपने प्रत्येक भाड्यामागे कमिशन कापण्याऐवजी चालकांकडून ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत आणली; नाशिकमध्येही तिचा विचार व्हावा. चालकाच्या ओळखीच्या ग्राहकाने बुकिंग केल्यास ते प्रथम त्यालाच दाखवावे, आणि ऑनलाइन आलेले पैसे त्याच रात्री त्याच्या खात्यात जमा करावेत.

जुना फोन नंबर बंद करू नये. पंचवटीतील आजोबांनी नेहमीप्रमाणे फोन केला, तर कार्यालयातील माणसाने त्यांचे बुकिंग त्याच प्रणालीत नोंदवावे आणि गाडीचा क्रमांक व चालकाचे नाव त्यांना फोनवरच सांगावे.