आजी-आजोबा आणि लेकरं घेऊन मुंबई बघायला येताय? जेवणाच्या या चुका टाळा

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या गिरगावातल्या घरी फोन सुरू होतात. सांगली, सातारा, नगर, कुठून कुठून. "गेटवे दाखवायचंय, लाँचमध्ये बसायचंय, आणि मासे कुठं चांगले मिळतात तेवढं सांग." सांगतो की, त्यात काही गुपित नाही. मग मी विचारतो, बरोबर कोण कोण आहे? तेव्हा कळतं: गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आत्या, दोन वर्षांचं पोर आणि इन्सुलिन घेणारे काका. अशा मंडळींना घेऊन बंदराच्या बाजूला, म्हणजे फोर्ट, कुलाबा, बॅलार्ड इस्टेटमध्ये जेवायचं असेल तर आधी तीन गोष्टी बघायच्या. पायऱ्या, बाथरूम आणि वेळ. चव त्यानंतर. हे पटायला प्रत्येकाला एकदा तरी हाल सोसावे लागतात असं दिसतंय.

फोनवर "व्हीलचेअर चालेल का?" एवढंच विचारणं

या प्रश्नाला मुंबईतला कुठलाच हॉटेलवाला नाही म्हणत नाही. तो खोटं बोलतो असंही नाही. दोन पोरं खुर्ची उचलून आत नेतील, म्हणजे त्याच्या हिशेबानं चाललीच की.

त्या भागातल्या इमारती जुन्या. जोतं उंच, गाळा अरुंद आणि छत उंच, म्हणून मालकानं मधे पोटमाळा टाकून घेतलेला. मासळीच्या बऱ्याच हॉटेलांत खाली परमिट रूम आणि वर एसी फॅमिली. बायका-मुलं दारात दिसली की मॅनेजरचं बोट आपोआप जिन्याकडे जातं.

माझा चुलतभाऊ काकूला घेऊन आला होता. काकूला व्हीलचेअर लागते. पठ्ठ्यानं रीलमध्ये बघून हॉटेल ठरवलं, फोन केला, "चालेल ना साहेब, घेऊन या" हे ऐकलं आणि खूश. मी म्हटलं, जिना विचारलास का? "दादा, तू उगाच टेन्शन घेतोस." गेलो. दाराशी तीन पायऱ्या, आत गेल्यावर वरच्या मजल्याकडे बोट. दोन वेटर तत्परतेनं आले. एकानं पाय ठेवायची पट्टी धरली, दुसऱ्यानं हात ठेवायची दांडी. ती दांडी काढता-घालता येणारी असते हे त्याला कुठून माहीत असणार? चौथ्या पायरीवर दांडी उपसून त्याच्या हातात आली, खुर्ची कलंडली, आणि चुलतभावानं मागून छातीनं रेटून धरली म्हणून निभावलं. काकू एक अक्षर बोलली नाही. वर पोचल्यावर कळलं, बाथरूम आणखी अर्धा जिना चढून, तेही इंडियन. ताट उत्तम होतं. सुरमई ताजी, तांदळाची भाकरी गरम. काकूनं सोलकढीची वाटी हळूच माझ्या नातवाकडे सरकवली. "नको रे मला. प्यायलं की जावं लागतं." पाण्याला तर तिनं सकाळपासूनच हात लावला नव्हता.

घरच्या म्हाताऱ्या माणसांचं हे न पिणं बरोबरच्यांच्या लक्षातच येत नाही. आई दमली, आईला ऊन लागलं म्हणतात. अहो, तिला तहान लागलीय, ती सांगत नाहीये.

म्हणून मी फोनवर असं विचारतो: फुटपाथपासून टेबलापर्यंत एकूण पायऱ्या किती? फॅमिलीला खाली बसवाल का? बाथरूम कुठल्या मजल्यावर, आणि कमोड आहे का? एवढं झालं की म्हणतो, दाराचा आणि बाथरूमच्या दाराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. काहीजण वैतागतात. जो वैतागतो तिथं जायचं नाही, सोपं आहे. जो फोटो पाठवतो तो टेबलही नीट देतो, हा माझा अनुभव. दार का बघायचं, तर घडीच्या साध्या व्हीलचेअरची बाहेरची रुंदी साधारण २५-२६ इंच असते आणि जुन्या हॉटेलांच्या बाथरूमचं दार बहुतेक वेळा त्याहून अरुंद. खुर्ची घरीच टेपनं मोजून ठेवा.

"आमच्याकडे रॅम्प आहे" हे ऐकून लगेच विरघळू नका. उताराचं प्रमाण १ ला १२ असावं लागतं, म्हणजे सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट लांब रॅम्प. हॉटेलवाले ज्याला रॅम्प म्हणतात ती बऱ्याचदा सिलिंडर आणि कोल्ड्रिंकचे क्रेट चढवायची लोखंडी पत्र्याची घसरगुंडी असते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, पण पत्रा अजून तोच. अशा उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी फिरवून, पाठीकडून उतरवायची. सरळ लोटलीत तर बसलेलं माणूस पुढे घरंगळेल. आणि उचलायचीच वेळ आली तर धरायचं ते खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला. निघणाऱ्या एकाही भागाला हात लावू द्यायचा नाही.

बसायच्या जागेचं मात्र कुणीच विचारत नाही. उडप्याकडे बाक आणि टेबल बहुधा जमिनीत ठोकलेले, त्यामुळे खुर्ची वाटेत लावावी लागते आणि येणारा-जाणारा प्रत्येक वेटर तिला धडकतो. जुन्या इराण्याकडे, म्हणजे इराणी चहाच्या हॉटेलात, संगमरवरी टेबलं आणि सुट्या लाकडी खुर्च्या. एक खुर्ची बाजूला केली की व्हीलचेअर आत. पायऱ्या कमी असलेला इराणी सापडला तर बनमस्का-चहावरही मी दुपार काढतो, आणि पोरंही तिथं आनंदात असतात.

आधी एलिफंटा, मग जेवू

हा दुसरा लाडका घोळ. साडेदहाला गेटवेवरून लाँच पकडायची, तासाभरानं घारापुरी, म्हणजे एलिफंटाचं बेट, धक्क्यावरून छोटी गाडी, मग लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या, बघून परत, पुन्हा तासभर लाँच. गेटवेला पाय लागतो तेव्हा साडेतीन-चार. आणि फोर्टातल्या थाळीवाल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं तीन-साडेतीनला बंद होतात ती संध्याकाळी सातपर्यंत. मग कुलाब्याच्या रस्त्यावर रडणारं पोर कडेवर घेऊन सहा-सात माणसांचं लटांबर एकेका दारात "भैया, खाना मिलेगा?" करत फिरताना दिसतं. दर सुट्टीत दिसतं. मी ओळखतो त्यांना लांबून.

लाँच कुठं पळून जाणार आहे? सकाळी नऊला उडप्याकडे पोटभर खाऊन घ्या, किंवा बारा वाजता जेवून एलिफंटाचा नादच सोडा. बारा म्हणजे बाराच. कामाच्या दिवशी पाऊणपासून दोनपर्यंत ऑफिसची गर्दी असते, तेव्हा तुमच्या लहान पोराला ताटात वरण-भात कालवून भरवण्याइतकी सवड तिथं कुणी देणार नाही. बिल मागे उभं असतं. उशीर झालाच तर थाळीचा हट्ट सोडून उडपी किंवा इराणी बघायचा, ते मधे बंद होत नाहीत. इन्सुलिनवाल्या काकांना तर आधीच बजावून ठेवा: जेवणाआधीचं इंजेक्शन ऑर्डर दिल्यावर नाही, ताट समोर आल्यावर. शनिवारी रात्री ऑर्डर आणि ताट यांच्यात पाऊण तास सहज जातो.

लेणी सोमवारी बंद असतात, हे गेटवेवर येऊन कळणारे लोक अजूनही आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी तर कुठल्याच वारी जाऊ नये. वर डोली मिळते हे खरं, पण हलत्या लाँचमध्ये पाय टाकणं आणि एका लाँचवरून दुसरीवर जाणं यात डोली कामाची नाही. तरण्यांनी जावं. आणि पोरांच्या हातात खाऊ दिसला की माकडं तो नेतात, तेव्हा पिशवी बंद ठेवा. समुद्रातून जायची हौस घरातल्या सगळ्यांनाच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, २०२० पासून सुरू आहे. आपल्या गाडीसकट आत चढता येतं. मी म्हाताऱ्यांना तिनंच नेतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

रविवारी फोर्टात थाळी शोधणं. तिथली बरीच हॉटेलं ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालतात. रविवारी फोर्ट सामसूम, तेव्हा निघण्याआधी फोन करा.

जून-जुलैत येऊन ताज्या पापलेटसाठी भांडणं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात येतं ते बहुतेक बर्फातलं. आजोबांना सुकट-भाकरी द्या, खूश होतील.

लहान मुलांना मांदेली किंवा बांगडा देणं. काट्यांचा खेळ आहे तो. सुरमई किंवा रावसाचा मधला तुकडा मागायचा, रवा लावून तळलेला, तिखट कमी. काटा तरीही आपल्या बोटांनी बघायचा. हॉटेलवाल्याच्या "बोनलेस" शब्दावर मी विश्वास ठेवत नाही.

कुलाबा कॉजवेच्या फुटपाथवरून व्हीलचेअर ढकलत हॉटेल गाठणं. फेरीवाल्यांच्या मधून सडपातळ माणूस कसाबसा जातो. टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत न्या, भाडं जास्त झालं तर होऊ द्या.

आणि मेट्रोला विसरणं. कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, बाथरूम आहेत. माझी सवय अशी की हॉटेल हुतात्मा चौक किंवा चर्चगेट स्टेशनच्या आसपासचंच ठरवायचं आणि जेवणाआधी सगळ्यांना स्टेशनवरच मोकळं करून आणायचं. मग वरच्या मजल्यावरच्या त्या अर्ध्या जिन्याची भानगडच राहत नाही, आणि सोलकढीही पिता येते.

टॅक्सीचं मात्र आधी बघा. काळी-पिवळीच्या डिकीत गॅसची टाकी असते, व्हीलचेअर तिथं मावत नाही. वरती कॅरिअर असलेली टॅक्सी थांबवायची आणि बांधायला दोरी घरूनच आणायची, चांगली तीन-चार मीटर. ड्रायव्हरकडे दोरी असते, पण ती कॅरिअरलाच बांधलेली असते आणि सोडायला तो तयार नसतो.