डायल २६ वर, पाणी २२ वर

डिसेंबरात रंकाळ्यावरनं गार वारं सुटलं की आमची माशांची टाकी गारठते. हीटर २६ वर, तरी एंजल मासे कोपऱ्यात पंख मिटून गप्प. थर्मामीटर सोडला, तर २२! आधी नुसता डायल वाढवत बसलो, येडेपणाच.

दोष जागेचा होता. हीटर झाडांच्या मागे, तिथलं साचलेलं पाणी तापलं की थर्मोस्टॅट (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा भाग) हीटर बंद करतो, बाकी टाकी थंडच. डायल परत २६ वर आणला, स्विच बंद करून २० मिनिटं थांबलो (गरम काच बाहेर काढली की तडकते) आणि हीटर फिल्टरच्या धारेजवळ आडवा लावला.

दुसऱ्या दिवशी २५. डायल एक अंश पुढे सरकवला, आता पाणी २६ ला टिकतंय. डायल २७ दाखवतो, दाखवू दे.