हॉट स्पेअर आहे म्हणून निर्धास्त राहू नका: या चुका टाळा

अ‍ॅरेतली (रेड पद्धतीने एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातली) डिस्क गेली की कंट्रोलर (या डिस्क सांभाळणारा भाग) कोणाची वाट न पाहता हॉट स्पेअर, म्हणजे आधीच जोडून ठेवलेली राखीव डिस्क, तिच्या जागी घेतो आणि रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा नव्याने उभारणं, सुरू करतो. रीबिल्ड संपलं की स्थिती पुन्हा 'ऑप्टिमल' दिसते, आणि घोटाळा इथेच होतो. डिस्क गेली होती हेच कोणाला कळत नाही. ती खाचेत तशीच पडून राहते, राखीव डिस्क कामाला लागलेली असते, आणि पुढची डिस्क गेली की तिची जागा घ्यायला काहीच नसतं. म्हणून स्पेअर लावलात त्याच दिवशी ईमेल अलर्टही लावा, चाचणीचा मेल पाठवून तो पोहोचतो का ते पाहा. लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडममध्ये एकच स्पेअर अनेक अ‍ॅरेंना मिळून ठेवला असेल, तर तो गरजेच्या ठिकाणी हलवण्याचं काम त्याचा मॉनिटर (मागे चालणारा देखरेखीचा प्रोग्राम) करतो. मॉनिटर बंद असेल तर स्पेअर जागचा हलत नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात महाग वाटते: रेड ५ ला (एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या रचनेला) स्पेअर जोडून समाधान मानणं. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने भरली तरी सुमारे २२ तास लागतात. वर रोजच्या कामाचा भार असला तर त्याहून बरेच जास्त. तेवढा वेळ रेड ५ ला कसलंच संरक्षण नसतं, आणि उरलेली प्रत्येक डिस्क पूर्ण वाचावी लागते. महिनोन्‌महिने कोणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका तेव्हा सापडतो. स्पेअरसकट तेवढ्याच डिस्क घेऊन रेड ६ (दोन डिस्क गेलेल्या सोसणारी रचना) केलं तर वापरायची जागा तेवढीच राहते, पण रिकामी बसणारी डिस्क दुसरी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढायला लागणारी माहिती) सांभाळते. शिवाय महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या डिस्क वाचून तपासणं) चालवा.

स्पेअर असूनही रीबिल्ड सुरूच झालं नाही? आधी क्षमता तपासा. लेबलवर आकडा सारखा असला तरी प्रत्यक्ष सेक्टर थोडे कमी असू शकतात, आणि तेवढ्यावरून डिस्क नाकारली जाते. सॅस-साटा (डिस्क जोडायच्या दोन पद्धती) किंवा हार्ड डिस्क-एसएसडी अशी सरमिसळ, ५१२ आणि ४०९६ बाइटचे सेक्टर, किंवा स्पेअर दुसऱ्याच ग्रुपला बांधलेला असणं, ही बाकीची नेहमीची कारणं.

डिस्क बदलताना घाई नको. बॅकअप ताजा आहे ना ते बघा, सीरियल नंबर जुळवा, शोधदिवा लावून खाच ओळखा. रीबिल्ड चालू असताना चुकून चांगली डिस्क ओढलीत तर रेड ५ तिथेच कोसळतं. नवी डिस्क घातल्यावर काही कंट्रोलर कॉपीबॅक करून (स्पेअरवरचा डेटा नव्या डिस्कवर घेऊन) स्पेअर मोकळा करतात, काही नव्या डिस्कलाच स्पेअर करतात; आपला काय करतो हे मॅन्युअलमध्ये आधीच वाचून ठेवा. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये बिघडलेली डिस्क 'रिप्लेस' केलीत तर रीसिल्व्हर (तिथलं रीबिल्ड) संपल्यावर स्पेअर राखीव यादीत परत जातो. ती 'डिटॅच' केलीत तर स्पेअर कायमचा पूलमध्ये (तिथल्या डिस्क-संचात) राहतो, मग दुसरा स्पेअर तुम्हालाच जोडावा लागतो.